मदत हवी आहे: हप्ते वेळेवर जातात, तरी कार्डांची बाकी जागची हलत नाही

कागदपेन्सिल

नेमके आकडे इथे द्यायचे नाहीत, म्हणून दरमहा घरात येणारी रक्कम १०० धरली आहे. बाकी सगळं त्याच मापात.

क्रेडिट कार्ड अ: बाकी १८०, व्याज महिना ३ टक्के, किमान भरणा बाकीच्या ५ टक्के म्हणजे ९
क्रेडिट कार्ड ब: बाकी ६०, महिना ३.५ टक्के, किमान भरणा ३
वैयक्तिक कर्ज: बाकी ३००, वार्षिक १४ टक्के, हप्ता १२, अजून ३० महिने
गाडीचं कर्ज: बाकी १५०, वार्षिक १० टक्के, हप्ता ९, अजून १८ महिने
नातेवाइकांकडून उसने: ८०, बिनव्याजी, मुदत ठरलेली नाही

घरभाडं २५. हप्ते आणि किमान भरणे मिळून ३३. उरलेल्या ४२ मध्ये घर चालतं. शिवाय महिन्याला साधारण ५ ची खरेदी कार्डावर होते. मुदत ठेव ७० ची आहे, व्याज ७ टक्के.

एकही हप्ता चुकलेला नाही, पण दोन्ही कार्डांची मिळून बाकी २४० च्या खाली येतच नाही. प्रश्न असे: आधी काय फेडायचं? ठेव मोडावी का? सगळी कर्जं एकत्र करून एकच कर्ज घेण्यात अर्थ आहे का? आणि घरखर्चात कात्री कुठे लावायची?

वजाबाकी

आधी बाकी का हलत नाही ते बघा, नाहीतर फेडीचा कुठलाही क्रम लावून उपयोग नाही.

अ कार्डाचं महिन्याचं व्याज ५.४, ब चं २.१. एकूण ७.५. तुम्ही भरता १२. म्हणजे मुद्दलातून जातात ४.५. आणि नवी खरेदी ५. हिशेब तिथेच संपला. तुम्ही भरलेलं मुद्दल त्याच महिन्यात पुन्हा उचलता आहात.

त्यात आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. मागची बाकी पूर्ण भरलेली नसेल तर नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस सहसा मिळत नाहीत. खरेदीच्या दिवसापासून व्याज सुरू. "पुढच्या महिन्यात भरू, तोवर फुकट" हा हिशेब पूर्ण बिल भरणाऱ्यांसाठी असतो, तुमच्यासाठी तो कधीच बंद झालाय. त्यामुळे पहिलं काम, दोन्ही कार्डांवरची खरेदी आजपासून शून्य. शॉपिंग साइट, टॅक्सी ॲप, फोन, जिथे जिथे कार्ड साठवलंय तिथून काढून टाका. कार्डावर आपोआप जाणारी वर्गणी असेल तर तीही हलवा किंवा थांबवा, नाहीतर कार्ड कपाटात ठेवूनही बाकी वाढत राहते.

दुसरं काम: किमान भरणा ही रक्कम विसरा. ती बाकीच्या टक्क्यांत असते, त्यामुळे बाकी उतरली की तीही उतरते आणि फेड लांबत जाते. अ कार्डावर नवी खरेदी बंद केली आणि दर महिन्याला त्या वेळचे ५ टक्केच भरत राहिलात, तर १८० चे ९० व्हायलाच ३२ महिने लागतात. तेच आजचे ९ गोठवून दर महिन्याला ९ च भरलेत तर ३१ महिन्यांत कार्ड पूर्ण कोरं होतं. एक पैसाही जास्त न काढता.

नीलमोहर

वजाबाकी यांना अनुमोदन. पण मला त्या ५ बद्दल विचारायचंय. ४२ मध्ये घर चालतं म्हणता, मग ५ कशावर जातात? वर्षातून एकदा किंवा दोनदा येणारे खर्च त्या ४२ मध्ये धरलेत का? विम्याचा हप्ता, शाळेची फी, गाडीचं सर्व्हिसिंग, टायर, दाताचा डॉक्टर, चष्मा. घराच्या अंदाजपत्रकाला भोक पडतं ते बहुतेक वेळा इथे. लोक चहा-कॉफीवर डाफरतात आणि विम्याचं बिल आलं की कार्ड पुढे करतात.

गेल्या १२ महिन्यांचं बँक खातं आणि दोन्ही कार्डांची बिलं उतरवून घ्या. तीन महिने पुरतात असं सगळीकडे लिहिलेलं असतं, पण तीन महिन्यांत वार्षिक खर्च सापडत नाहीत. प्रत्येक नोंदीपुढे चारपैकी एक खूण करा: ठरलेला मासिक, बदलता मासिक, वार्षिक, टाळता येण्यासारखा. रोख काढलेली रक्कम "इतर" मध्ये ढकलू नका. ती कुठे गेली ते आठवत नसेल तर पुढचे चार आठवडे तेवढी लिहून ठेवा.

कागदपेन्सिल

बसून काढलं. वार्षिक खर्च मिळून ३८ निघाले आणि ते ४२ मध्ये नव्हतेच. म्हणजे महिन्याला ३ च्या वरच. उरलेले २ च्या आत-बाहेर खरोखरच वाढीव खर्च आहे. त्याच ४२ मध्ये दरमहा ४ गुंतवणुकीत जातात हेही दिसलं. ती थांबवायची का? नियमित बचत मोडू नये असं वाचलंय.

वजाबाकी

थांबवा. महिना ३ टक्के म्हणजे चक्रवाढीने वर्षाला ४२.६ टक्के. ३.५ म्हणजे ५१ च्या वर. तेवढा परतावा खात्रीने देणारी गुंतवणूक नसते, आणि कुणी देतो म्हणाला तर त्याच्यापासून लांब राहा. कार्ड फेडणं हीच सध्या तुमची सगळ्यात चांगली गुंतवणूक. फक्त थांबवण्याआधी बघा की मध्येच खंड पडल्यास दंड किंवा लाभ बुडण्याची अट आहे का. नुसत्या गुंतवणुकीच्या हप्त्याला ती सहसा नसते, विमा जोडलेल्या योजनेत असू शकते. आरोग्य विम्याला मात्र हात लावू नका. तो कापून वाचलेली रक्कम एका इस्पितळाच्या बिलात जाते.

चक्रवाढ

ठेवीबद्दल. ७० पैकी ६० मोडा आणि ब कार्ड आजच संपवा. त्यातल्या ४० चंच बघा: ठेवीत वर्षाला २.८ मिळतात, ब कार्डावर तेवढ्याच रकमेला महिन्याला १.४ द्यावे लागतात. ठेवीचं वर्षाचं व्याज कार्ड दोन महिन्यांत खातं. मुदतीआधी मोडल्याबद्दल व्याजात थोडी कपात होईल, मुद्दलाला सहसा धक्का लागत नाही.

नीलमोहर

६० नको, ४० मोडा. हातात १० उरले तर पहिल्याच आजारपणात कार्ड पुन्हा बाहेर येईल. ३० म्हणजे निदान एक भाडं आणि थोडा किराणा. गणितात चक्रवाढ बरोबर आहेत, पण ते २० जास्तीचे भरून महिन्याला ०.७ वाचतात. तेवढा शांत झोपेचा खर्च समजा.

चक्रवाढ

मान्य. ४० धरून पुढचं मांडतो.

गुंतवणुकीचे ४ थांबले. बारा महिन्यांच्या नोंदींतून तुम्हाला आणखी साधारण ४ काढावे लागतील. ते निघाले तर घरखर्च आजच्या ४७ वरून (४२ अधिक कार्डावरचे ५) ३९ वर येतो आणि त्यात वार्षिक खर्चाचे ३.२ सुद्धा बसलेले असतात. भाडं २५, वैयक्तिक कर्ज १२, गाडी ९, घर ३९. कार्डांसाठी उरतात १५. ही रक्कम गोठवलेली, दर महिन्याला तेवढीच.

ठेवीतून ४० भरल्यावर ब वर २० राहतात. अ ला ९, ब ला ६. चौथ्या महिन्यात ब संपतं. तोवर अ उतरून १६३ च्या आसपास आलेलं असतं. मग पूर्ण १५ अ वर. आणखी १४ महिने. एकूण १८. त्याच सुमारास गाडीचंही कर्ज संपतं, म्हणजे महिन्याला २४ मोकळे. उसने घेतलेले ८० पुढच्या चार महिन्यांत परत.

(आधी लहान कर्ज की आधी जास्त व्याजाचं, हा वाद तुमच्या बाबतीत उरतच नाही. ब लहानही आहे आणि महागही.)

कर्ज एकत्र करण्याबद्दल: ठेवीतले ४० भरल्यावर कार्डांचे २०० राहतात. तेवढेच १४ टक्के वार्षिक दराने नवं कर्ज घेऊन फेडले आणि महिन्याला १५ भरले तर १५ महिन्यांत मोकळे. एकूण व्याज १९ च्या आसपास, आणि वरच्या योजनेपेक्षा सुमारे ४० वाचतात. दर १८ टक्के लागला तरी १५ च महिने. गणित चांगलं आहे. अडतं ते पुढच्या गोष्टींवर.

मुदत. देणारा ६० महिने सुचवेल, हप्ता ४.६५ दाखवेल आणि हायसं वाटेल. व्याज मात्र १९ ऐवजी ७९ होईल. १५ महिन्यांचीच मुदत मागा.

दर कसा मोजलाय. सपाट दर म्हणजे सुरुवातीच्या पूर्ण रकमेवर शेवटपर्यंत व्याज. २०० वर सपाट १० टक्के, २४ महिने, हप्ता १०. घटत्या शिलकेवर, म्हणजे फेडायच्या उरलेल्या मुद्दलावरच व्याज धरलं, तर १८ टक्क्यांनीही हप्ता तोच १० येतो. जाहिरातीतला १० बघून भुलू नका. दर घटत्या शिलकेवरचा आहे का, हे लेखी विचारा.

प्रक्रिया शुल्क. २ टक्के असेल तर ४, आणि ते बहुधा कापूनच रक्कम हातात येते, त्यामुळे कार्डांची बाकी पूर्ण भागत नाही. मुदतीआधी फेडल्यास दंड आहे का तेही बघा.

अर्ज. एका वेळी एकाच ठिकाणी. चार ठिकाणी केलेत तर प्रत्येक चौकशीची नोंद पतअहवालात होते आणि चौथा देणारा पहिल्या तीन बघून बिचकतो.

वजाबाकी

सगळ्यात मोठा धोका यादीत राहिला. कर्ज मिळालं की दोन्ही कार्डं कोरी होतात आणि २४० वापरायला मोकळे दिसतात. वर्षाने नवं कर्जही असतं आणि कार्डंही भरलेली असतात. म्हणून रक्कम कार्डात भरल्याच्या दिवशीच ब बंद करायला आणि अ ची मर्यादा १५-२० वर आणायला लेखी सांगा. ते जमणार नसेल तर कर्ज एकत्र करू नका, चक्रवाढ यांची १८ महिन्यांची योजनाच बरी.

आणि कार्डावरून रोख काढून दुसरं कार्ड भरणं हा उपाय कुणी सुचवला तर ऐकू नका. रोख काढल्यावर शुल्क वेगळं आणि व्याज पहिल्या दिवसापासून.

नीलमोहर

उरलेले ४ कुठून काढायचे ते. आधी एकदाच ठरवून सुटणाऱ्या गोष्टी घ्या: न बघितली जाणारी चॅनेलं, दोन-दोन इंटरनेट जोडण्या, गरजेपेक्षा मोठा फोनचा प्लॅन, न जाता भरली जाणारी जिमची फी. त्यांचा फायदा हा की रोज मन मारावं लागत नाही. दुसऱ्या नंबरावर बाहेरून मागवलेलं जेवण. ते एकदम शून्य करायला जाऊ नका, तिसऱ्या आठवड्यात बांध फुटतो. आठवड्याला किती वेळा ते ठरवा.

बदलत्या खर्चाला महिन्याचा नाही, आठवड्याचा आकडा लावा. फक्त भागाकार चारने करू नका. समजा किराणा-भाजी-पेट्रोल मिळून महिन्याला १८. चारने भागून आठवड्याला ४.५ धरलेत तर ५२ आठवड्यांचे २३४ होतात, बारा महिन्यांचे होते २१६. अख्ख्या एका महिन्याचा खर्च जादा. ४.३३ ने भागा, म्हणजे आठवड्याला ४.१५.

वार्षिक खर्चाचे ३.२ वेगळ्या खात्यात, पगाराच्या दुसऱ्या दिवशी, आपोआप. त्या खात्याचं डेबिट कार्ड घेऊ नका. पहिलं मोठं बिल पुरेसे पैसे साठायच्या आत येणार असेल तर ठेवीतल्या ३० मधून तात्पुरते घ्या आणि परत टाका.

कागदपेन्सिल

खूप आभार. दोन-तीन शंका. गाडी विकली तर? नातेवाइकांना आत्ता काही द्यायला हवं का? आणि घरात दुसऱ्या व्यक्तीला ७७० हा एकूण आकडा अजून माहीत नाही.

चक्रवाढ

गाडी: आज विकून येणारी किंमत १५० च्या वर असेल तरच विचार करा, आणि हप्त्यासोबत विमा, इंधन, दुरुस्ती किती वाचते व त्याऐवजी ये-जा करायला किती लागेल ते मांडा. किंमत बाकीपेक्षा कमी असेल तर विकूनही कर्ज उरतं आणि गाडी नसते.

नीलमोहर

नातेवाइकांना आत्ता पैसे नाहीत, तारीख द्या. "१९ व्या महिन्यापासून चार हप्त्यांत" असं सांगता येतं, कारण ते हिशेबातून आलंय. गप्प राहून बिनव्याजी उसने लांबवणं सगळ्यात वाईट.

घरी सांगताना आकडा एकटा सांगू नका. वरचा तक्ता आणि १८ महिन्यांची मांडणी सोबत ठेवा, आणि कात्री कुठे लावायची ते दोघांनी मिळून ठरवा. एकाने परस्पर ठरवलेली काटकसर दुसरा पाळत नाही. त्यात त्याची चूकही नसते.

वजाबाकी

काही बारीक गोष्टी, ज्यांत लोक अडकतात. सगळ्या हप्त्यांच्या तारखा पगारानंतर तीन-चार दिवसांनी येतील अशा बदलून मागा. खात्यात पैसे नसताना हप्ता परत गेला तर बँकेचा दंड आणि कर्ज देणाऱ्याचा दंड असे दोन बसतात. एखादा हप्ता हुकणार असं दिसलं तर आधी कळवा. चुकण्यापूर्वी मुदत वाढवून मिळण्याची शक्यता नंतरपेक्षा बरी असते, आणि जे ठरेल ते लेखी घ्या. "थोडे कमी भरा, खातं मिटवून टाकू" असा प्रस्ताव आला तर पतअहवालात ते खातं पूर्ण फेडलेलं दिसत नाही, तडजोडीने मिटलेलं दिसतं. तुमचे हप्ते सुरळीत आहेत, तुम्हाला त्याची गरज नाही.

ब कार्ड संपवताना बिलावरची बाकी भरून थांबू नका. बिलाची तारीख आणि तुम्ही भरल्याचा दिवस यांच्यातलं व्याज पुढच्या बिलात येतं. रक्कम किरकोळ असते, पण संपलं समजून दुर्लक्ष झालं की त्यावर उशिराचं शुल्क चढतं. फोन करून त्या दिवसाची पूर्ण फेडीची रक्कम विचारा, तेवढी भरा, पुढचं बिल शून्याचं आल्याची खात्री करा आणि मगच कार्ड बंद करून थकबाकी नसल्याचं पत्र मागून घ्या.