‘मेघवन’ की ‘धुईचं रान’? आणि पन्हाळी पानांचं ते झाड कोणतं?

सावदा
मुलीने जळगावच्या एका रोपवाटिकेतून कुंडी आणली. पानं हातभर लांब, खाली लोंबणारी, त्यांवर आडव्या पन्हाळी, अगदी गोठ्यावरच्या पत्र्यासारख्या. चिठ्ठीवर एवढंच: ‘फिलोडेंड्रॉन, मूळ क्लाउड फॉरेस्टमधलं’. नाव बरोबर आहे का? आणि क्लाउड फॉरेस्टला मराठीत काय म्हणावं? पोरीने वहीत ‘धुईचं रान’ लिहिलं, ते लाल शाईने खोडून आलं. मला तर आवडलं होतं.

नाशिक, मूळचा धुळ्याचा
आधी झाडाचं बघू. देठ पानाला मिळतो तिथे बोटाने चाचपा. किंचित फुगीर गाठ लागली तर अँथुरियम. त्या गाठीच्या जोरावर पान उजेडाकडे वळतं. फिलोडेंड्रॉनला ती बहुधा नसते. शास्त्रात तिला जो लॅटिन शब्द आहे त्याचा अर्थ ‘छोटा गुडघा’. कोणी ‘पेर’ सुचवेल, पण पेर उसाच्या खोडावर असतं, देठावर नाही. सरळ ‘गुडघा’ म्हणा.
गुडघा असेल आणि पन्हाळी तुम्ही म्हणता तशा असतील, तर अँथुरियम व्हीची. कोलंबियाचं झाड. तिकडे पान हातभराचं वाढून मीटरभराच्याही पुढे जातं. व्हीच हे इंग्लंडमधल्या रोपवाटिकावाल्या घराण्याचं आडनाव. फोटो टाका, तोवर पैज लावणार नाही.

अमळनेर
‘धुई’ला माझा विरोध आहे, शब्द लाडका असूनही. आपल्याकडे धुई पडते ती थंडीत, हरभरा फुलावर असताना. रात्रभर जमीन गार होते, धुई शिवाराला चिकटून बसते आणि उन्हं चढली की विरते. तिकडे कोलंबियातल्या अँडीज डोंगरांच्या उतारावर वेगळाच प्रकार आहे. वारा दमट हवा डोंगरावर चढवतो, ती वर जाता जाता थंडावते, तिथेच ढग होतो आणि तो ढग झाडांतून जातो. पाऊस नसला तरी पानांवरून पाणी ठिबकत राहतं, फांद्या शेवाळाने मनगटाएवढ्या जाड होतात. धुई *पडते*, हा ढग डोंगराला *अडतो*. क्रियापदच जुळत नाही, तर नाव कसं जुळेल? म्हणून ‘मेघवन’. ‘ढगवन’ही कळतं, पण ‘ढगा’ला ‘वन’ जोडलेलं माझ्या कानाला खटकतं. बाकी, शब्द खोडला तर खोडण्याचं कारणही पोरीला सांगायला हवं होतं.

शहादा
मग तोरणमाळ? श्रावणात यशवंत तलावाचा पलीकडचा काठ दिसत नाही.

अमळनेर
भाऊ, मार्चमध्ये जाऊन बघा. उंची साडेतीन हजार फुटांच्या वर आहे, कबूल, पण तेव्हा सागाची पानं पायाखाली करकर वाजतात. मेघवनात ढगाचं येणंजाणं वर्षभर चालतं. आपलं ते पानगळीचं रान, चार महिने ढगात.

जळगाव
ही झाडं दुसऱ्या झाडावर वाढतात असं वाचलं. म्हणजे बांडगूळच ना?

नाशिक, मूळचा धुळ्याचा
नाही, नाही. आंब्यावरचं बांडगूळ फांदीत घुसून रस ओढतं. अँथुरियमच्या अनेक जाती झाडावर नुसत्या बसतात, पाणी घेतात ते हवेतलं आणि शेवाळातलं. त्यांना ‘अपिवनस्पती’. शब्द जड आहे खरा, पण आश्रित आणि चोर यांत फरक नको?
अशा एका पानाचा फोटो घरी दाखवला तर माय म्हणे, ‘हाई ते अळूच शे.’ अगदीच चुकली नाही. अळू, सुरण, शेवळं आणि हे, सगळं सूरण कुल. अळू चिरताना हात खाजवतो तो कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे, आणि ते अँथुरियममध्येही असतात. कुळ एक म्हणून भाजी करू नका.

रावेर
फुलाचे शब्द राहिलेच. अँथुरियमचं लाल ‘फूल’ म्हणून आपण जे विकत घेतो, ते फूल नव्हे, रंगलेलं पान. त्याला ‘महाछद’. मधला दांडा ‘स्थूलकणिश’, म्हणजे जाड कणीस. खरी फुलं त्या कणसावर दाण्यांसारखी दाटलेली असतात. फिलोडेंड्रॉनमध्ये मादीफुलं खाली आणि नरफुलं वर अशी वाटणी असते, अँथुरियममध्ये प्रत्येक दाण्यात दोन्ही. फूल आलं की ओळख याच्यावरून पक्की होते. ‘छद’ समजायला केळफूल उकला. प्रत्येक जांभळ्या पदराखाली फुलांची फणी असते, तो पदर म्हणजे छद. आमच्या मजुरांना हे शिकवावं लागलं नाही, ते ‘पदर’च म्हणतात.

सावदा
चाचपलं. गुडघा आहे. वहीत ‘मेघवन’ लिहिलं, खाली कंसात ‘धुई नव्हे’. कुंडी आता केळीच्या बागेत सावलीला ठेवली आहे, पण मे महिन्यातल्या पंचेचाळीस अंशांचं काय करायचं ते सांगा.

रावेर
गच्चीवर नेऊ नका, एवढंच.