मदत हवी आहे: घायपात-इपॉक्सीत कॉस्टिकनंतर टेन्साइल वाढली, इम्पॅक्ट घटली

मंडळी, मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट आहे. घायपाताचा वाख (पानांतून काढलेला धागा) आणि इपॉक्सी रेझिन यांचा पत्रा, हँड ले-अपने (साच्यात हाताने थर लावून) केलेला. निम्मा वाख जसाच्या तसा वापरला. उरलेला ५ टक्के कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात ४ तास बुडवला, धुतला, शेवटच्या पाण्यात थोडं ॲसेटिक ॲसिड घातलं आणि ७० अंशाला ओव्हनमध्ये वाळवला. द्रावण कोऱ्या चहासारखं झालं, जाड धागे सुटून बारीक झाले आणि हाताला खरखरीत लागायला लागले.

टेन्साइल (ओढीची ताकद) आणि फ्लेक्झरल (वाकवतानाची ताकद) दोन्ही वाढल्या, पण आयझॉड इम्पॅक्ट (फटक्याने तुटताना जिरणारी ऊर्जा) साध्या वाखापेक्षा कमी आली. गाइड सर म्हणतात ट्रीटमेंट फसली, परत करा. सबमिशन तोंडावर आहे. खरंच फसली का? शिवाय दुकानदाराकडे व्हिनाइल सिलेन (धागा आणि रेझिन जोडणारं रसायन) आहे, ते लावून फरक पडेल का?

प्रतिसाद १
एवढ्यावरून फसली म्हणता येत नाही. कॉस्टिकने मेण, पेक्टिन, हेमिसेल्युलोज आणि थोडं लिग्निन निघून जातं, पृष्ठभाग खडबडीत होतो आणि रेझिन घट्ट धरतं. ओढताना भार धाग्यावर नीट जातो, म्हणून टेन्साइल वाढते. आयझॉडच्या फटक्यात मात्र बरीच ऊर्जा धागा रेझिनमधून सुटून घासत बाहेर येण्यात जिरते. पकड पक्की झाली की तो घसरायच्या आधीच तुटतो आणि तडा सरळ पुढे पळतो.

कॉस्टिक जास्त झालं तर सेल्युलोजही कमकुवत होतो, पण मग टेन्साइल बहुधा वाढली नसती. खात्रीसाठी सुटे धागे ओढून बघा. व्यास नव्याने मोजा. जुना धरलात तर ताकद उगाच कमी दिसेल. आणि वाखाचं वजन ट्रीटमेंटच्या आधी घेतलं होतं की नंतर? आधी घेतलं असेल तर पत्र्यात वाख कमी पडलाय, तुलनाच चुकेल. तुटलेले तुकडे भिंगाखाली धराच.

प्रतिसाद २
व्हिनाइल सिलेन घेऊ नका, ते पॉलिएस्टर किंवा व्हिनाइल एस्टरसाठी. इपॉक्सीला अमिनो नाहीतर ग्लायसिडॉक्सी सिलेन लागतं. काचेच्या धाग्यावर कारखान्यातच सायझिंग (असाच जोडणारा लेप) होऊन येतं, म्हणून ही भानगड आपल्याला सहसा दिसत नाही. आणि वाख ओव्हनमधून काढला की लगेच साच्यात घाला. हवेतला ओलावा तो पटकन ओढतो, पावसाळ्यात तर विचारू नका.

मूळ प्रश्नकर्ता
दोघांचे आभार. वजन वाळवल्यावरच घेतलं होतं. भिंगाखाली साध्या नमुन्यात धाग्यांची लांब टोकं बाहेर आलेली आणि शेजारी रिकामी भोकं दिसली. ट्रीट केलेल्यात टोकं आखूड, काहींना रेझिनचे कण चिकटलेले. फोटो सरांना दाखवतो.

सुट्या धाग्याचं अडलंय. तो काही न्यूटनलाच तुटतो आणि आमच्या यूटीएमचा (ओढून तोडायच्या मशीनचा) लोड सेल, म्हणजे भार मोजणारा सेन्सर, फार मोठ्या भारासाठी आहे. इचलकरंजीकडे कापडाच्या लॅबमध्ये कुणाची ओळख आहे का?