इन्स्टाग्राम कमी करून गोधड्यांचं काम चालेल का?

टाकाधागा (सातारा):
मी जुन्या सुती साड्यांच्या गोधड्या शिवते. लोक आईची, आजीची लुगडी विश्वासाने आणून देतात, म्हणून या कामात माझा फार जीव आहे. पण हल्ली सुईत दोरा ओवला की मोबाईल, एक ओळ झाली की मोबाईल. रात्री उशिरापर्यंत "किंमत काय?" विचारणाऱ्यांना उत्तरं देते, त्यातले बहुतेक पुढे काही बोलत नाहीत. खऱ्या ऑर्डरी ओळखीतूनच येतात. तरी पूर्ण बंद करायची भीती वाटते. कुणी कमी केलंय का?

मातीकाम:
ताई, व्हॉट्सअॅप बिझनेस घ्या. कॅटलॉगमध्ये फोटो, माप, किंमत टाकता येते. कामाच्या वेळेबाहेर आपोआप निरोप जातो. जुन्या गिऱ्हाइकांची ब्रॉडकास्ट लिस्ट (एकच निरोप प्रत्येकाला वेगळा पोचवणारी यादी) करा, पण त्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलेला हवा, नाहीतर निरोप पोचत नाही.

बुरूडआळी:
गोधडी अंगावर घेतल्याशिवाय कळत नाही हो. डिसेंबरात पुण्यात भीमथडी जत्रा भरते, बचत गट आणि कारागिरांच्या मालाचं विक्री प्रदर्शन; तिथे अर्ज करून बघा.

टाकाधागा:
दोघांचे आभार. किंमत लिहिणं मला अवघड वाटायचं, कारण लुगडं किती विरलंय त्यावर आतले थर ठरतात. आता बाळाची दुपटी, एकेरी आणि दुहेरी मापाच्या गोधड्या असे सुरुवातीचे दर टाकते. इन्स्टाचं पान राहू देते, वर "ऑर्डर कशी द्यायची" ही पोस्ट पिन करून. अॅप मात्र फोनमधून काढते. फोटो टाकायचे तेव्हा लेकीच्या लॅपटॉपवरून टाकीन. भीमथडीचा अर्ज साधारण कधी निघतो?