‘ब्रेझ’ला मराठीत काय म्हणाल?

नौपाडेकर: पाककृतींच्या पुस्तकाचा अनुवाद करतेय, फ्रेंच ‘कॉक ओ वँ’पाशी अडलेय. कोंबडी आधी लालसर परतायची, मग रेड वाइन, कांदे, अळंबी घालून झाकण लावायचं आणि बेताच्या रसात निवांत शिजू द्यायची. मूळ शब्द ‘ब्रेझ’. मी ‘मंद आचेवर शिजवणे’ लिहिलं, तर संपादक म्हणाले, असं वरणही शिजतं. आई म्हणते, ‘वर ताटात पाणी ठेवून शिजवणे’. क्रिया जवळपास तीच, पण दर पानावर एवढं लांबण कोण लावणार?

चरईकर: दमावर शिजवणे. संपलं.

जुना ठाणेकर: दम फारसी. ‘वाफवणे’ असताना उसनवारी कशाला?

चरईकर: काका, वाफवतात ते मोदक. आणि ‘मसाला’ही अरबीतून आलाय, तोही डब्यातून काढून टाकू का?

सुगरण सीकेपी: गंमत बघा, फ्रेंचमध्ये ‘ब्रेझ’ म्हणजे निखारेच. जुन्या भांड्यांच्या झाकणाला वर खोलगट भाग असायचा, त्यात निखारे ठेवत. आमची आजी कोलंबीचं भानोलं असंच करायची, खाली निखारे, झाकणावर निखारे. म्हणून माझा शब्द: ‘निखारणे’.

जुना ठाणेकर: ‘कोंबडी निखारा’ वाचून लोक हिंदी समजतील नि तिला गोरं करायचं क्रीम लावतील.

वाशी सेक्टर नऊ: मुळात ‘कॉक’ म्हणजे कोंबडा. म्हातारा, चिवट. म्हणून तर एवढा वेळ आणि वाइन! ताई, ‘कोंबडी’ हीच पहिली चूक.

नौपाडेकर: बाजारात कोंबडा मागून बघा, मिळतो ब्रॉयलरच. बरं, हैनानी कोंबडी उकळीच्या जरा खालच्या पाण्यात ठेवतात, तिथे मी ‘मुरवणे’ लिहिलंय. चालेल?

सुगरण सीकेपी: मुरतं ते लोणचं.

घणसोलीकर: तुमच्या सगळ्यांच्या आधी आमची पोपटी. मडक्यात तळाला भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, ओवा, खडेमीठ, मसाला लावलेली कोंबडी (आमच्यात कोंबरी), अंडी. तोंडाशी पुन्हा पाला गच्च कोंबायचा, मडकं उपडं ठेवायचं आणि भोवती जाळ. पाण्याचा थेंब नाही. मडक्यावर पाणी शिंपडायचं, चर्रकन उडालं की झालं. आता सांगा, हे भाजणं, वाफवणं की दम?

चरईकर: दमच! तोंड बंद आहे ना.

जुना ठाणेकर: भाजणे. जाळ बाहेरून आहे. आणि नाव शेंगांच्या पोपटी रंगावरून, हे माझं ठाम मत.

घणसोलीकर: मडक्यातून निघतात तेव्हा त्या शेंगा पोपटी नसतात काका, काळपट हिरव्या असतात. तुम्ही खाल्लीय का कधी?

जुना ठाणेकर: वासाने ओळखतो.

वाशी सेक्टर नऊ: भांबुर्डी नसेल तर केळीचं पान चालतं का? आमच्या सोसायटीत गच्चीवर करायचा विचार आहे.

घणसोलीकर: केळीच्या पानाला तो वास नाही. आणि गच्चीवर जाळ केलात तर सेक्रेटरी तुम्हालाच निखारेल.

सुगरण सीकेपी: बघा, रुळला माझा शब्द!

नौपाडेकर: अहो, शनिवारी मजकूर द्यायचाय. ‘ब्रेझ’चं काय?

वाशी सेक्टर नऊ: ताई, एक मिनिट. ठाण्याच्या मंडईत भांबुर्डी मिळते का?