एकटे राहणारा माणूस एकाकी होणारच का?

प्रश्न : नोकरीसाठी शहरात आल्यापासून मी एकटीच राहते. दिवसभर कार्यालयात माणसांत वावरूनही संध्याकाळी मनमोकळे बोलावे असे जवळ कोणी नाही, ही जाणीव अलीकडे फार बोचते. एकटे राहण्याचा हा अटळ परिणाम आहे का?

प्रतिसाद १ : अटळ मुळीच नाही. जपानच्या २०२० च्या जनगणनेत सुमारे ३८ टक्के कुटुंबे एकाच व्यक्तीची होती; ती सगळी माणसे दुःखी असतील असे मानता येत नाही, आणि भरल्या घरातही माणूस एकाकी असू शकतो. हवी असलेली जवळीक आणि प्रत्यक्षात लाभणारी जवळीक यांतले अंतर वाढले की ते सलते. म्हणून नव्या ओळखी जमवण्याआधी जुन्या मैत्रिणीला ठरलेल्या वारी नेमाने फोन करावा, असे मला मनापासून वाटते.

प्रतिसाद २ : हे मला अपुरे वाटते. ब्रिटनने २०१८ मध्ये आणि जपानने २०२१ मध्ये एकाकीपणाची जबाबदारी मंत्र्यांकडे सोपवली, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार जगात दर सहा माणसांमागे एकाला एकाकीपणा ग्रासतो. कामावर जाण्या-येण्यात सरणारे तास, वारंवार बदलावी लागणारी भाड्याची घरे आणि पैसे न मोजता निवांत बसता येईल अशा जागांची टंचाई यांमुळे शेजार घडतच नसेल, तर सारा भार एकट्या व्यक्तीवर का टाकावा?

प्रतिसाद ३ : शहरे बदलतील तेव्हा बदलतील. तोवर वाचनालय, गायनवर्ग, स्वयंसेवी काम असे काही धरावे, कारण ठरावीक वेळी त्याच माणसांची गाठ पडत राहिली की ओळख मुरते. मात्र झोप उडाली असेल किंवा कशातच मन लागत नसेल, तर समुपदेशकाकडे जाण्यास उशीर करू नका.