मदत हवी आहे: स्वेटशर्टवर उर्दू शब्द, अक्षरं तुटून येताहेत

गडद निळा स्वेटशर्ट आहे, 300 जीएसएम (एका चौरस मीटर कापडाचं वजन ग्रॅममध्ये), आतून मऊ लव असलेला, 60 टक्के सुती आणि 40 टक्के पॉलिस्टर. डाव्या छातीवर पांढऱ्यात 'सुकून' हवंय, नस्तालीक (उर्दूच्या नेहमीच्या तिरक्या, लयदार) वळणात, 6 सेंमी रुंद. दुसऱ्यावर 'इंतजार'. डिझाइनमध्ये पेस्ट केलं की अक्षरं सुटी आणि उलट्या क्रमाने येतात. छपाई बरी की भरतकाम?

प्रतिसाद १
तुमच्या सॉफ्टवेअरला उजवीकडून डावीकडे जाणारी, जोडून लिहायची लिपी कळत नाहीये. 'सुकून' म्हणजे सीन, काफ, वाव, नून. पहिली तीन जोडून येतात. वाव पुढच्या अक्षराला जोडत नाही, म्हणून नून सुटा राहतो आणि तो डाव्या टोकाला हवा. इंकस्केप या चित्र काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये 'नोटो नस्तालीक उर्दू' फॉन्ट घेऊन टाइप करा, मग अक्षरांचं पाथमध्ये (म्हणजे नुसत्या रेखाकृतींमध्ये) रूपांतर करून फाइल द्या. म्हणजे छापणाऱ्याकडे फॉन्ट नसला तरी शब्द बिघडणार नाही. कळफलक उर्दूचाच घ्या. अरबी घेतला तर 'उदासी'सारख्या शब्दात शेवटच्या 'ये' या अक्षराखाली दोन नुक्ते (ठिपके) येतात, उर्दूत ते नसतात.

प्रतिसाद २
'इंतजार'चं स्पेलिंग आधी तपासा. उर्दूत या ज़ साठी चार अक्षरं आहेत: ज़ाल, ज़े, ज़्वाद, ज़ोय. इथे ज़ोय लागतो. ज़े घातला तर तो पुढच्या अलिफला जोडत नाही आणि शब्द भलत्याच ठिकाणी तुटतो. देवनागरीवरून आपोआप लिप्यंतर केलं की नेमकी हीच चूक होते. भावनेचा शब्द छातीवर मिरवायचा तर तो उर्दू वाचणाऱ्याकडून एकदा वाचून घ्याच.

प्रतिसाद ३
6 सेंमीला भरतकाम. विनाइल (उष्णतेने चिकटवायची प्लास्टिकची पातळ पट्टी) लावलं तर वाव आणि नूनची निमुळती टोकं आणि सुटा नुक्ता धुण्यात आधी उचलतात. शिवाय गडद पॉलिस्टरचा रंग उष्णतेने वर चढतो आणि पांढरं निळसर दिसू लागतं. छापायचंच असेल तर कमी तापमानाला पक्की होणारी शाई आणि खाली रंग अडवणारा थर मागा.

भरतकामात खाली कापून काढायचं जाड बॅकिंग (आधाराचं अस्तर), वर पाण्यात विरघळणारी फिल्म. फिल्म नसेल तर टाके लवीत बुडतात. 1 मिमीपेक्षा बारीक रेघ सॅटिन टाक्यात (जवळजवळ घातलेले समांतर टाके) नीट बसत नाही, तेवढा भाग किंचित जाड करून घ्या. शब्द रुंद दिसावा म्हणून आडवा ताणू मात्र नका, कलमाची जाडी-बारीकी बिघडते.

धागाकर्ता
पाथ केल्यावर अक्षर बदलता येईल का?

प्रतिसाद १
टाइप करून नाही. ज़ोय वगैरे आधी पक्कं करा आणि टाइप केलेल्या मजकुराची प्रत वेगळी ठेवा.