मदत हवी आहे: रायझेन 5 5600 चा बॉक्समधला कूलर बसवताना बोर्डामागची प्लेट मोकळी होतेय

मांजराकाठ, लातूर
नमस्कार मंडळी. पहिलाच कॉम्प्युटर जोडतोय. रायझेन 5 5600, बी550 मदरबोर्ड (एएम4 सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसायची जागा) आणि प्रोसेसरसोबत आलेला रेथ स्टेल्थ कूलर. प्रोसेसर बसवून लिव्हर खाली केलंय.

सॉकेटच्या दोन बाजूंना हुकाच्या काळ्या प्लॅस्टिक पट्ट्या आहेत, पण कूलरला तर चार स्प्रिंगचे स्क्रू आहेत. पट्ट्यांचे स्क्रू सैल केले की मागची धातूची प्लेट हलायला लागते. तीही काढायची का? कूलरच्या तळाला राखाडी थर्मल पेस्ट (उष्णता कूलरकडे नेणारी) आधीच आहे, त्यावर नळीतली थोडी लावू का? आणि मे महिन्यात इथं खोलीत दुपारी 40 अंश असतं, तेव्हा एवढ्याशा कूलरवर भागेल का?

गोदातीर, नांदेड
भाऊ, आवळायच्या आधी विचारलंत ते बरं झालं. पट्ट्या काढा, प्लेट ठेवा. पट्ट्या हुकाने बसणाऱ्या कूलरसाठी असतात, उदाहरणार्थ रेथ प्रिझम. स्टेल्थचे स्क्रू थेट त्या प्लेटच्या आट्यांत जातात.

बोर्ड कॅबिनेटबाहेरच, त्याच्याच खोक्यावर आडवा ठेवा, म्हणजे प्लेटला खालून आधार मिळतो. तरी स्क्रू काढताना एक हात मागे असू द्या. प्लेटच्या चारही नळ्या भोकांतून वर दिसल्या की पुढचं काम.

पंख्याची वायर ‘सीपीयू फॅन’ लिहिलेल्या 4 पिनच्या जागेपर्यंत पोचेल अशा बाजूने कूलर धरा आणि सरळ खाली टेकवा. टेकवल्यावर उचलून परत ठेवायचा नाही, पेस्टमध्ये हवा अडकते. फुलीचा 2 नंबरचा स्क्रू ड्रायव्हर घ्या. चारही स्क्रू आधी नुसते आटा धरतील एवढेच फिरवा. मग समोरासमोरचे कोपरे: वरचा डावा, खालचा उजवा, वरचा उजवा, खालचा डावा, दरवेळी दोन फेरे. एकच स्क्रू पुरता आवळला की कूलर तिरका होतो आणि समोरचा स्क्रू आट्यापर्यंत पोचत नाही. तिथं जोर लावला की आटे जातात. स्क्रू आपोआप थांबतो, दाब देण्याचं काम स्प्रिंगचं आहे. थांबला की सोडून द्या.

वरून पेस्ट अजिबात लावू नका. तळाला आहे ती पुरेशी आहे, फक्त बोट लावू नका. ती एकदाच वापरायची असते. कधी कूलर काढावा लागला तर दोन्ही पृष्ठभाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने स्वच्छ पुसा आणि मधोमध वाटाण्याच्या दाण्याएवढी नवी लावा. काढताना पीसी दहा मिनिटं चालवून पेस्ट गरम करा, बंद करून प्लग काढा, स्क्रू सोडवा, कूलर डावी-उजवीकडे पिळून मगच उचला. एएम4 मध्ये पिना प्रोसेसरलाच असतात, 1331. थंड पेस्टवर सरळ ओढलं तर लिव्हर बंद असतानाही प्रोसेसर कूलरला चिकटून वर येतो आणि पिना वाकतात.

दख्खनी_सर्किट, छत्रपती संभाजीनगर
उन्हाळ्याचं सांगतो. कूलर प्रोसेसरला खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. खोली 25 वरून 40 वर गेली की प्रोसेसरचा आकडाही साधारण तेवढाच वर सरकतो. 5600 ची मर्यादा 90 अंश आहे. तिथं पोचला की तो जळत नाही, वेग कमी करतो. अभ्यास, ऑफिसचं काम, साधे गेम यांना स्टेल्थ चालेल. तासन्‌तास व्हिडिओ रेंडर करणार असाल तर 120 मिमी पंख्याचा टॉवर कूलर घ्या, पण आधी कॅबिनेटमध्ये किती उंचीचा मावतो ते बघा. हे कूलर बऱ्याचदा 150 मिमीच्या वर असतात. खर्च नको असेल तर बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारी बोर्डाची सेटिंग) इको मोडने, म्हणजे कमी वीज घेणाऱ्या मोडने, 65 वॅटचा प्रोसेसर 45 वॅटवर आणता येतो, वेगात फरक थोडाच पडतो.

आपल्याकडे घरोघरी एअर कूलर असतो, त्याचा झोत थेट कॅबिनेटवर येऊ देऊ नका. त्या हवेत पाण्याचे बारीक थेंब असतात, आणि आपलं बोअरचं पाणी क्षाराचं.

मांजराकाठ, लातूर
बसवला. चारही स्क्रू थांबेपर्यंत गेले, पंखा फिरतोय. बायोसमध्ये 56 दिसतंय, खोलीत 36 आहे. जास्त आहे का?

गोदातीर, नांदेड
नाही. बायोसमध्ये प्रोसेसर विश्रांतीच्या अवस्थेत जात नाही, म्हणून विंडोजमध्ये रिकामा असतानाच्यापेक्षा आकडा जास्त दिसतो. विंडोज टाकून झाल्यावर एचडब्ल्यूइन्फो (तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडा आणि सिनेबेंच (प्रोसेसरवर पूर्ण भार टाकणारी चाचणी) दहा मिनिटं चालवा. आकडा हळूहळू चढून 80 च्या घरात स्थिरावला तर बसणी बरोबर आहे. सुरू करताच काही सेकंदांत 90 गाठला आणि कूलरचे पत्रे बोटाला गारच लागले, तर उष्णता तिथवर पोचतच नाहीये: लगेच बंद करा आणि चारही स्क्रू खरोखर शेवटपर्यंत गेलेत का ते पाहा.